लाकडावर उतरलेली पाखरे

माओरी लोकांच्या परंपरेत राता नावाच्या वीराची एक कथा सांगितली जाते. पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी त्याला समुद्रापार जायचे होते आणि त्यासाठी मोठी नाव हवी होती. तो रानात गेला, एक उंच सरळ वृक्ष निवडला आणि दिवसभर घाव घालून त्याने तो आडवा केला. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो वृक्ष जागच्या जागी उभा! त्याने तो पुन्हा पाडला, आणि रात्री पुन्हा तेच घडले. तिसऱ्यांदा वृक्ष पाडल्यावर राता झुडपाआड लपून बसला. अंधार पडताच रानातील पाखरे आणि किडेमुंग्या गोळा झाल्या, गाऊ लागल्या आणि ढलपा ढलपा उचलून त्यांनी खोड सांधले. रागावलेल्या राताला त्यांनी उत्तर दिले, की रानाचा देव ताने याची अनुज्ञा न मागता त्याचा वृक्ष तोडण्याचा अधिकार तुला कोणी दिला? राता लज्जित झाला. त्याने योग्य ते मंत्र म्हणून क्षमा मागितली, तेव्हा त्याच पाखरांनी त्याला नाव घडवून दिली.

ही कथा शेकडो वर्षांची आहे. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा न्यूझीलंडचा इतिहास वाचताना ती पुनःपुन्हा आठवते. आज त्या देशात पाडलेल्या जुन्या घरांच्या फळ्या, तुळया आणि कुंपणांचे खांब गोळा करून त्यांवर देशी पक्ष्यांच्या आकृती कोरण्याची कला चांगली रुजली आहे. घराघरांतील भिंतींवर असे फलक दिसतात. वरवर पाहता ही शोभेची वस्तू. पण ज्या लाकडावर ते पाखरू कोरलेले असते, त्याच जातीच्या झाडावर कधी काळी त्याचे घरटे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या फलकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पाखरांचा देश

न्यूझीलंडची भूमी सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन या प्राचीन महाखंडापासून विलग झाली. मनुष्य तेथे पोहोचला तेव्हा वटवाघळे वगळता भूमीवर राहणारा एकही सस्तन प्राणी तेथे नव्हता. आपल्याकडे जे काम हरणे, रानडुकरे, उंदीर किंवा मांजरकुळातील प्राणी करतात, ते सारे तेथे पाखरांनी वाटून घेतले होते. चरणारे पक्षी होते, माती उकरणारे होते आणि शिकार करणारेही होते. मोआ नावाच्या उडू न शकणाऱ्या पक्ष्यांच्या नऊ जाती होत्या. त्यांतील सर्वांत मोठ्या मोआचे वजन दोनशे किलोहून अधिक भरे. जमिनीवरून चालून येणारा शत्रूच नसल्यामुळे अनेक पक्ष्यांनी उडण्याचे कष्ट सोडून दिले होते. काकापो हा निशाचर पोपट त्यांपैकीच एक.

तेराव्या शतकात पॉलिनेशियातून नावांनी आलेले माओरींचे पूर्वज येथे स्थायिक झाले, तेव्हा देशाचा सुमारे ८० टक्के भाग वनाच्छादित होता. त्यांच्याबरोबर कुत्रा आणि उंदीर आले, शेतीसाठी रान जाळले गेले आणि शिकारीमुळे मोआ थोड्याच पिढ्यांत नाहीसा झाला. तेव्हा निसर्गाची हानी केवळ गोऱ्या वसाहतकारांनी केली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्यानंतरच्या काळात माओरी समाजाने झाडे आणि पाखरे यांच्याभोवती निर्बंधांची आणि विधींची एक व्यवस्था उभी केली. कोणत्या ऋतूत कोणता पक्षी धरावा, कोणते रान काही काळ निषिद्ध मानावे, मोठा वृक्ष तोडण्यापूर्वी तानेला काय म्हणावे, हे सारे ठरलेले होते. राताची कथा ही त्या व्यवस्थेची मुलांना दिलेली शिकवण होय.

पिसासाठी पेटी

या समाजात लाकडावरील कोरीवकाम ही केवळ सजावट नव्हती. लिपी नसलेल्या समाजाचा तो ग्रंथच होता. सभागृहाच्या खांबांवर पूर्वज कोरले जात आणि त्यांच्या आजूबाजूला ‘मानाइया’ नावाची, पक्ष्यासारखे डोके असलेली आकृती वळणे घेत असे. हत्यारे दगडाची असत. त्यांतही हिरव्या पोउनामू दगडाचे वाकस आणि पटाश्या अत्यंत मोलाच्या मानल्या जात.

लाकूड आणि पाखरू यांचे नाते सर्वांत हृद्य रीतीने प्रकट होते ते ‘वाका हुइया’ या पेटीत. हुइया हा उत्तर बेटाच्या दक्षिण भागातील रानांत राहणारा काळाभोर पक्षी. त्याची एक विशेषता जगात अन्यत्र क्वचितच आढळते : नराची चोच आखूड आणि बळकट, तर मादीची लांब, बारीक आणि कमानदार. त्याच्या शेपटीत बारा पिसे असत, काळी आणि टोकाला पांढरी. ही पिसे केसांत खोवण्याचा मान उच्च कुळातील स्त्री-पुरुषांचा. ती ठेवण्यासाठी लाकडाची लांबट पेटी कोरली जाई, तीच वाका हुइया. ही पेटी आढ्याला टांगलेली असे आणि खाली बसलेल्या माणसांना तिचा तळ दिसे; म्हणून कारागीर तळावरही तितक्याच निगुतीने कोरीवकाम करीत. आज जगातील अनेक संग्रहालयांत या पेट्या आहेत. ज्या पक्ष्याच्या पिसांसाठी त्या घडवल्या, तो मात्र कोठेही नाही.

सालीवर कोरलेले पूर्वज

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. तेथील मोरिओरी लोकांनी पडलेल्या लाकडावर नव्हे, तर जिवंत झाडांवर आकृती कोरल्या. कोपी नावाच्या झाडाच्या सालीत उठवलेल्या या आकृतींना ‘राकाउ मोमोरी’ म्हणतात. त्यांत माणसे आहेत, मासे आहेत, सील आहेत आणि पक्षीही आहेत. ज्या अल्बट्रॉसच्या शिकारीवर या लोकांचा निर्वाह चाले, तोही त्या झाडांवर आढळतो.

मोरिओरींनी नुनुकू या पूर्वजाच्या आज्ञेनुसार मनुष्यहत्या वर्ज्य मानली होती. १८३५ मध्ये उत्तर बेटाच्या तारानाकी प्रदेशातील माओरी टोळ्या जहाजांनी तेथे उतरल्या, तेव्हा मोरिओरींनी एकत्र बसून विचार केला आणि आज्ञेचा भंग न करण्याचे ठरवले. त्याचे फळ त्यांना कत्तल आणि दास्य या रूपाने भोगावे लागले. पुढे ‘हे लोक संपले’ असेच पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाऊ लागले. पण वंशज होते. त्यांनी २००५ मध्ये आपले सभागृह उभारले आणि त्याला कोपीच्या राईवरून ‘कोपिंगा’ हे नाव दिले. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने त्यांच्या दाव्याच्या समझोत्याचा कायदा संमत केला.

हापूपू येथील राखीव राईत काही कोरीव झाडे आजही उभी आहेत. परंतु झाड म्हणजे दगड नव्हे. गुरांनी तुडवलेली जमीन, कुंपणाअभावी आत घुसणारे वारे आणि झाडांचे वय यांमुळे एकेक खोड कोसळत गेले. काही खोडांचे कोरीव भाग कापून संग्रहालयात नेण्यात आले. जिवंत झाडावर कोरलेले चित्र झाडाबरोबर वाढते आणि झाडाबरोबरच मरते, हे या कलेचे वैशिष्ट्य आणि हेच तिचे दुःख.

कुऱ्हाड, करवत आणि लोण्याची खोकी

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वसाहतकार येऊ लागले, तेव्हा देशाचा निम्म्याहून अधिक भाग अद्याप रानाखाली होता. पहिली दृष्टी गेली कौरी वृक्षावर. सरळ, गाठी नसलेले त्याचे खोड जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी उत्तम. पुढे ऑकलंडची घरे कौरीच्या फळ्यांनी उभी राहिली, आणि १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पुनर्बांधणीसाठीही कौरी समुद्रापार गेला.

प्रत्येक जातीच्या वाट्याला वेगळे काम आले. तांबूस रंगाचा रिमू घरांचे सांगाडे, जमिनीच्या फळ्या आणि कपाटे यांसाठी कापला गेला. माताईचे लाकूड कठीण, म्हणून तेही जमिनीला. तोतारा पाण्यात आणि मातीत लवकर कुजत नाही, म्हणून त्याचे कुंपणाचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर झाले. काहिकातेआ हा देशातील सर्वांत उंच वृक्ष. पण त्याच्या लाकडाला वास नसतो हाच त्याचा घात ठरला. १८८२ मध्ये गोठवलेल्या मांसाची पहिली यशस्वी खेप जहाजाने इंग्लंडला गेली. त्यानंतर लोण्याचाही व्यापार वाढला आणि लोण्याला वास लागू नये म्हणून त्याची खोकी काहिकातेआची करण्यात येऊ लागली. शेकडो वर्षे दलदलीत पाय रोवून उभे असलेले वृक्ष अशा रीतीने एका प्रवासापुरत्या खोक्यांत संपले.

उत्तर बेटातील ‘सत्तर मैलांचे रान’ हे या कालखंडाचे एक बोलके उदाहरण आहे. १८७२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथून कुटुंबे आणून या रानात वसवण्यात आली. डॅनव्हर्क आणि नॉर्सवुड ही गावे त्यांचीच. रान तोडून वाटा पाडणे आणि रेल्वेसाठी तोताराचे स्लीपर कापणे हे त्यांचे काम. ही माणसे श्रीमंत लुटारू नव्हती; उपाशी मुलांना घेऊन परक्या देशात उतरलेले कष्टकरी होते. त्यांच्या दृष्टीने रान म्हणजे पोटाआड येणारा अडथळा. आणि हेच रान हुइयाचे माहेर होते.

वर्ष १९०७

हुइयावर एकाच वेळी अनेक संकटे कोसळली. रान तुटत होते. सशांचा उपद्रव आवरण्यासाठी पक्षिशास्त्रज्ञांचा विरोध डावलून १८८० च्या दशकात स्टोट आणि वीझल हे मुंगुसासारखे चपळ मांसाहारी प्राणी युरोपातून आणून सोडण्यात आले, आणि जमिनीलगत वावरणाऱ्या पाखरांना पळता भुई थोडी झाली. आपल्याकडची साळुंकीही याच सुमारास, १८७० च्या दशकात, शेतातील कीड खावी म्हणून तेथे नेण्यात आली. आज ती तेथील उत्तर बेटात सुखाने नांदते आणि तेथील पक्षिप्रेमी तिच्याकडे आगंतुक म्हणून पाहतात. आपल्या अंगणातील ओळखीचे पाखरू दुसऱ्याच्या अंगणात उपरे ठरते, हेही या इतिहासातील एक कटू सत्य.

तिसरे संकट संग्राहकांचे. वॉल्टर बुलर हे न्यूझीलंडमध्येच जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ. १८७३ मध्ये त्यांचा न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील जे. जी. क्यूलमन्स या डच चित्रकाराची चित्रे इतकी सुरेख, की आजही लाकडावर हुइया कोरणारा कलाकार बहुधा त्यांचाच आधार घेतो. त्याच बुलर यांनी एका महिन्यात एका टोळीने हुइयाची ६४६ कातडी गोळा केल्याची नोंद केली आहे, आणि त्यांनी स्वतःही संग्रहासाठी हुइया मारले. ज्याने पाखरू जगाला दाखवले, त्याच्याच हातून ते उणे होत गेले.

१८९२ मध्ये हुइयाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण ते कागदावर राहिले. १९०१ मध्ये ब्रिटिश युवराज, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आलेले ड्यूक ऑफ यॉर्क, रोटोरुआ येथे आले असता त्यांच्या टोपीत सन्मानाने हुइयाचे पीस खोवण्यात आले. जे पीस उच्च कुळाचे चिन्ह होते, ते एकाएकी फॅशनचे चिन्ह झाले आणि मागणी भडकली. २८ डिसेंबर १९०७ रोजी तारारुआ पर्वतराजीत हुइया दिसल्याची नोंद ही सर्वमान्य अशी शेवटची नोंद होय.

त्याच १९०७ मध्ये न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याने ‘स्कूल जर्नल’ हे मुलांचे नियतकालिक सुरू केले. हा योगायोग विलक्षण आहे. देशातील मुले आपल्या भूमीविषयी आपल्याच पुस्तकात वाचू लागली त्याच वर्षी त्या भूमीचे सर्वांत मानाचे पाखरू दिसेनासे झाले. १९३३ मध्ये सहा पेन्सच्या नाण्यावर हुइया आला, तोवर त्याला जाऊन पाव शतक उलटले होते. २०२४ मध्ये त्याचे एकच पीस ४६ हजार न्यूझीलंड डॉलरहून अधिक किमतीला लिलावात विकले गेले.

कोरणी आणि शाळेचे पुस्तक

नाहीसे होत चाललेले पाखरू पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ठेवण्याचे काम काही कलावंतांनी केले, त्यांत ई. मर्व्हिन टेलर (१९०६–१९६४) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते मुळात दागिन्यांवर कोरीवकाम करण्याचे शिक्षण घेतलेले कारागीर. लाकडाच्या ठशांवर कोरून छापण्याची जी कला इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक यांनी १७९७ मधील आपल्या पक्षिग्रंथातून नावारूपाला आणली होती, तिच्यात टेलर यांनी न्यूझीलंडचे पक्षी, वनस्पती आणि माओरी कथा आणल्या.

या कलेत लाकडाचा उभा नव्हे, तर खोडाचा आडवा छेद वापरतात. आडव्या छेदाला नसांची ओढ नसते. त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेने फिरवता येते आणि केसाएवढी बारीक रेघ काढता येते. जे कोरले ते कागदावर पांढरे उमटते, जे राखले ते काळे. म्हणजे पाखराचे पीस दाखवायचे तर आधी अंधार धरून त्यातून उजेड कोरून काढावा लागतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही.

टेलर १९४४ ते १९४६ या काळात शिक्षण खात्याच्या शालेय प्रकाशन विभागात कलासंपादक होते. एका समर्थ कलावंताने आपली कोरणी शाळेच्या पुस्तकांच्या सेवेला लावली, आणि ज्या मुलांनी कधी रान पाहिले नव्हते त्यांच्या दप्तरात रान पोहोचले. कोणत्याही शाळेच्या इतिहासात अशा निनावी राहून गेलेल्या चित्रांचा वाटा मोठा असतो. बालपणी पाहिलेले पाठ्यपुस्तकातील पाखरू माणूस सहसा विसरत नाही.

झाडावर चढलेली माणसे

तरीही रान तुटतच होते. १९७० च्या दशकात सरकारी योजनांनुसार उरलेली देशी वनेही कापण्याचा बेत झाला, तेव्हा लोकांनी ‘मारुइया घोषणापत्र’ तयार केले. १९७७ मध्ये ३,४१,१५९ स्वाक्षऱ्यांनिशी ते संसदेला सादर झाले. तीस-बत्तीस लाख लोकवस्तीच्या देशात हा आकडा लहान नव्हे. १९७८ मध्ये पुरेओरा येथील रानात आंदोलक उंच झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसले, कारण त्या रानात कोकाको हा राखी रंगाचा, बासरीसारख्या आवाजाचा पक्षी राहत होता. माणूस वर बसलेला असताना झाड पाडता येत नाही. तोड थांबली आणि पुढे ती कायमची बंद झाली. राताच्या कथेत जे काम पाखरांनी केले, ते येथे पाखरांसाठी माणसांनी केले.

१९९३ च्या कायद्याने देशी झाडांच्या तोडीवर कडक बंधने आली आणि २००२ मध्ये दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सरकारी वनांतील तोडही थांबली. याच काळात पाखरे वाचवण्याचे प्रयत्नही फळाला येऊ लागले. चॅटम बेटांवरील काळ्या रॉबिनचे १९८० मध्ये केवळ पाच पक्षी उरले होते आणि त्यांत अंडी घालून वंश चालवू शकणारी मादी एकच. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या लहानशा पक्ष्याच्या घरट्यात उबवून घेतली. आज हयात असलेला प्रत्येक काळा रॉबिन त्या एका मादीचा वंशज आहे.

काकापोंची गोष्ट तर थेट रिमूच्या झाडाशी बांधलेली आहे. काकापो दरवर्षी अंडी घालत नाही. रिमूला भरभरून फळे येतात त्या वर्षीच, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा, त्याचा विणीचा हंगाम येतो. १९९५ मध्ये ५१ उरलेल्या काकापोंची संख्या अलीकडे दोनशेच्या वर गेली आहे, ती शत्रुमुक्त केलेल्या बेटांवर. म्हणून रिमूच्या फळीवर काकापो कोरलेला दिसतो, तेव्हा एका जीवनचक्राचीच दोन टोके तेथे एकत्र आलेली असतात.

मोडीत निघालेले लाकूड

नवी तोड थांबली, म्हणजे जुन्या रिमूचे लाकूड मिळणार कोठून? उत्तर एकच : जुन्या घरांतून. न्यूझीलंडची बहुतेक जुनी घरे लाकडी आहेत. घर पाडले की फळ्या, तुळया, दारांच्या चौकटी वखारीत येतात. तेथे आधी खिळे उपसले जातात आणि राहून गेलेला तुकडा रंध्याचे पाते मोडू नये म्हणून धातुशोधक फिरवला जातो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो जपून काढावा लागतो. मग रंधा फिरतो आणि शंभर वर्षांच्या धुळीखालून तांबूस नसा वर येतात. सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांच्या गाभ्याचे हे लाकूड घट्ट असते. आज लावलेल्या झाडाला ती घनता येण्यास शतके लागतील.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्च शहरात झालेल्या भूकंपात १८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे राहण्यास अयोग्य ठरली. पाडापाडीत कितीतरी देशी लाकूड राडारोड्यात जाऊ लागले. तेव्हा काही लोकांनी ‘होल हाउस रीयूज’ हा उपक्रम हाती घेतला. एक साधे घर यंत्राने न चिरडता हातांनी उलगडले, प्रत्येक तुकड्याची नोंद केली आणि ते तुकडे कारागिरांच्या व कलावंतांच्या हाती दिले. त्यांतून घडलेल्या वस्तूंचे प्रदर्शन २०१५ मध्ये कँटरबरी संग्रहालयात भरले. ज्या कुटुंबाचे घर गेले, त्याला ते परत मिळाले नाही. पण ते कचरा झाले नाही, एवढे समाधान उरले.

अशा फळीवर पाखरू कोरण्याच्या रीती अनेक. कोणी पटाशीने कोरतो, कोणी तापलेल्या लोखंडी टोकाने रेषा डागतो, तर बरेच जण आता लेसर यंत्र वापरतात. लेसरचा किरण लाकूड कापत नाही, तर रेषेरेषेने जाळतो. किरणाचा जोर आणि वेग यांवर छटा ठरते. नसांची मऊ पट्टी अधिक जळते, कठीण पट्टी कमी. म्हणून एकच चित्र दोन फळ्यांवर कधी सारखे उतरत नाही. चांगला कारागीर खिळ्यांची भोके आणि किड्यांनी पोखरलेल्या वाटा भरून काढत नाही. गंजलेल्या खिळ्याभोवती उमटलेले काळे वर्तुळ तो कधी पाखराच्या डोळ्याजवळ येऊ देतो, कधी फळासारखे फांदीवर ठेवतो.

मराठी घराला हे सारे परके वाटू नये. वाड्यांच्या दारांवर, गणेशपट्टीवर आणि खांबांच्या हातांवर पोपट आणि मोर कोरण्याची आपली जुनी परंपरा आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथपर्यंत मराठी माणूस गेला, तेथे सागवानी वाडेही गेले. आज वाडे उतरवले जातात, तेव्हा त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात येते आणि एखाद्या हॉटेलचा दर्शनी भाग होते. त्यावरील पोपट कोणत्या घराचा होता, हे सांगणारा मात्र बाजारात कोणी नसतो.

चित्र आणि घरटे

या कलेविषयी एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यावाच लागतो. झाड तोडायचे, पाखरू संपवायचे आणि मग त्याच झाडाच्या तुकड्यावर त्याच पाखराचे चित्र टांगून हळहळायचे, हे आत्मवंचनेचे लक्षण नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. हुइयाचे कितीही सुरेख चित्र कोरले तरी त्याची शीळ ऐकू येणार नाही. परंतु त्याच देशाने २०१६ मध्ये, २०५० पर्यंत स्टोट, उंदीर यांसारख्या परक्या भक्षकांपासून भूमी मुक्त करण्याचा संकल्प जाहीर केला, आणि गावोगावचे लोक आपापल्या परसात सापळे लावू लागले. ज्याचे चित्र घरात नाही, नाव मुलांच्या तोंडी नाही, त्या पाखरासाठी कोणी इतके कष्ट घेत नाही. चित्र हे घरट्याला पर्याय नाही. पण घरटे राखण्याची इच्छा बऱ्याचदा चित्रापासून सुरू होते.

माओरी समाजाने हाच धडा आपल्या भाषेला लावला. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या शाळांत इंग्रजी आली आणि शतकभरात घराघरातून माओरी भाषा ओसरली. १९८२ मध्ये आजी-आजोबांनी नातवंडांशी केवळ माओरीत बोलायचे, अशा बालवाड्या सुरू झाल्या. १९८७ मध्ये ती देशाची अधिकृत भाषा झाली. त्या बालवाड्यांचे नाव ‘कोहांगा रेओ’. त्याचा अर्थ भाषेचे घरटे. भाषेला पेटीत जपून ठेवायचे नसते, तिला घरटे लागते आणि त्या घरट्यात पिल्ले लागतात, हे त्यांनी ओळखले.

महाराष्ट्रापासून दूर, अन्य भाषांच्या गजबजाटात साठ वर्षे चाललेली मराठी शाळा म्हणजे दुसरे काय? स्मरणिका ही एका अर्थाने कोरीव पेटीच. तिचे मोल मोठे, तिच्या तळावरही निगुतीने कोरावे असे. पण पेटी आढ्याला टांगलेली असताना खाली वर्गात मुलांचा चिवचिवाट चालू आहे, हे तिच्याहून मोलाचे. राताच्या पाखरांनी एका रात्रीत वृक्ष सांधला तो एकेक ढलपा उचलूनच. प्रत्येक पाखराच्या चोचीत मावला तेवढाच तो ढलपा होता.